चार बोटे रिकामी जागा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे आत्याने मला बजावले होते. गोष्ट वाईट आहे म्हणून नव्हे. ती मला आत्याकडे द्राक्षांचे देठ काढता काढता ऐकायला मिळाली, आणि ती द्राक्षे कशासाठी निवडली जात होती हे कळले तर शाळेत बाई काय म्हणतील, याची तिला काळजी. "आसव म्हण नाहीतर वाईन म्हण, लोकांना त्यातलं एकच ऐकू येतं," ती म्हणाली, "तेव्हा गोष्ट पोटात ठेव." मी ठेवली होती. पण जी गोष्ट आतले दाबून ठेवू नये असे सांगते, तीच पोटात ठेवणे मला काही बरोबर वाटेना. आत्या आत बरण्या धूत आहे, तोवर सांगून टाकते.

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य स्त्री राहत असत. त्यांचे नाव कुणालाच आठवत नव्हते, लहानथोर सगळे त्यांना माई म्हणत. पुढच्या ओसरीवर औषधाला आलेली माणसे बसत, आणि मागच्या थंड खोलीत, जिथे ऊन शिरत नसे, तिथे माईंची आसवे मुरत. आसव म्हणजे फळांचा रस गुळाबरोबर आंबवून केलेले औषध. ज्याचा ताप उतरला पण अंगात जीव राहिला नाही, ज्याला अन्न गोड लागत नाही, अशाला माई चमचाभर आसव पाण्यातून देत. त्याला थोडी धुंदी असतेच, म्हणून खोलीला कुलूप असे. गावातले काही रिकामटेकडे पुरुष पोट दुखते म्हणून आसव मागायला येत. माई त्यांना सुंठेचा कडक काढा पाजत. पोटदुखी लगेच थांबे.

माईंकडे एक मुलगी शिकायला राहिली होती. ती गरिबाघरची होती. तिच्या घरी तुपाचे भांडे विसळलेले पाणीही आमटीत जाई, आणि भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर तो कपाळाला लावून खाल्ला जाई. तिला चारचौघांत बोलायचे अवघड वाटे. ओसरीवर कुणी नाव विचारले तर ती आधी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाही आणि मग अंगठ्यालाच नाव सांगे.

द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागला होता, तेव्हा तिने एके सकाळी धीर करून विचारले, "माई, मला आसव घालायला शिकवाल? सुरुवात करायला काय काय लागतं?"

"तोंडाने सांगितलं तर तोंडापुरतं राहील," माई म्हणाल्या. "एकेक वस्तू आण, मग कळेल."

मुलगी कामाला लागली. गूळ जुना हवा, नवा गूळ आसवाला चालत नाही, म्हणून तिने फडताळातली काळपट झालेली ढेप काढली. टेकडीवर जाऊन तिने धायटीची लाल फुले वेचली आणि सावलीत वाळवली. ही फुले पडली की रस आंबू लागतो, दुधाला विरजण तशी रसाला धायटी. दालचिनी, वेलदोडे आणि मिरे तिने जाडसर कुटले. रस गाळायला धुवट फडके शोधले. ढवळायला तिने तांब्याची पळी आणली, तेव्हा माईंनी ती परत ठेवायला लावली, कारण आंबट रस तांब्याला खातो. तिने लाकडी पळी आणली.

राहिला डेरा. मोठ्या पोटाचे, आवळ गळ्याचे ते मडके गावात एकच बाई चांगले करी. ती कुंभारीण वेशीजवळ राहत असे. नवरा गेल्यावर चाक तिनेच चालवले होते, आणि तिच्या भट्टीचा माल लांबच्या बाजारांतही ओळखला जाई. मुलगी गेली तेव्हा कुंभारणीने रांगेतले दोन डेरे उचलून वाजवले, पुन्हा खाली ठेवले आणि तिसरा तिच्या पुढ्यात आणला.

"मी दिलाय म्हणून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तू स्वतः वाजव. नव्या सुनेसारखा हळू बोलला तर ठेवून दे. देवळातल्या घंटेसारखा बोलला तर ने."

मुलीने बोटाच्या पेराने डेऱ्याच्या पोटावर टकटक केले. स्वच्छ आवाज निघाला आणि बराच वेळ हवेत राहिला. मुलगी नकळत हसली. कुंभारणीलाही हसू आले. "माईंना सांग," ती म्हणाली, "माझा डेरा आपणहून फुटला तर मी चाक जाळीन."

घरी आणून मुलीने डेरा पाण्यात मुरवला, उन्हात वाळवला, आतून तूप चोळले म्हणजे रस झिरपणार नाही, आणि तो उपडा धरून धुपावर धुपवला. मग सगळी सामग्री तिने मागच्या खोलीत ओळीने मांडली आणि माईंना बोलावले. माईंनी प्रत्येक वस्तूवरून नजर फिरवली.

"सगळं आणलंस. एक राहिलं."

मुलगी गोंधळली. माईंनी डेऱ्याच्या गळ्यात हात घातला आणि काठाखाली चार बोटे आडवी धरली. "ही. चार बोटं रिकामी जागा."

मुलीला वाटले, माई थट्टा करीत आहेत. ती तोंडावर हात ठेवून हसली. माई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितले की धायटी पडली की रस उसळतो, फेस वर येतो, त्याला यायला जागा लागते, आणि ही उसळी बसेपर्यंत डेऱ्याचे तोंड नुसत्या फडक्याने बांधायचे असते. मातीचा लेप त्यानंतर. मुलीने मान डोलावली. आपण ऐकले, असे तिला वाटले.

गावात गुळाचा एक व्यापारी होता. माणूस आवाजाने मोठा, पण मनाने वाईट नव्हता. त्याची म्हातारी आई आजारातून उठली होती आणि तिला घास जात नव्हता. आईसाठी आसव घाला म्हणून त्याने आपल्या मळ्यातली शेवटची काळी द्राक्षे टोपल्या भरून माईंकडे आणली. नेमके त्याच दिवशी पलीकडच्या गावाहून माईंना बोलावणे आले. एक बाळंतीण अवघडली होती. निघताना माई मुलीला म्हणाल्या, "रस तू काढ, डेरा तू भर. आता हात तुझा."

मुलीने द्राक्षे धुतली, देठ काढले, हाताने कुस्करली आणि रस गाळला. गूळ विरघळवला, मसाला घातला, धायटीची फुले सोडली. सारे माईंसारखे केले. काठाखाली चार बोटे राहिली तेव्हा ती थांबली. परंतु पातेल्यात अजून रस उरला होता.

ती त्या पातेल्याकडे पाहत राहिली. हंगामातला शेवटचा रस. तो ओसरीवरच्या पोरांना पाजता आला असता, किंवा माई येईपर्यंत झाकून ठेवता आला असता. तिला काही सुचले नाही. तिला फक्त आईचा आवाज ऐकू आला, टाकू नकोस ग. तिने थोडा रस डेऱ्यात ओतला. मग आणखी थोडा. इतक्यासाठी काय उरवायचे म्हणून राहिलेलाही ओतला. रस काठाशी येऊन चमकू लागला, आणि पातेले स्वच्छ निथळले याचे तिला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी फेस फडक्यातून वर आला आणि डेऱ्याच्या पोटावरून ओघळू लागला. खोलीत चिलटे घोंगावू लागली. व्यापारी चौकशीला येईल, हा पसारा पाहील आणि माईंनी कुणाच्या हाती काम दिले म्हणून हसेल, या विचाराने मुलीला घाम फुटला. तिने डेरा पुसला. चिकणमाती भिजवली, फडक्यावर घट्ट लेप दिला, त्यावर कापड, त्यावर पुन्हा लेप, आणि सुतळीने आवळून बांधले. डेरा नीटनेटका दिसू लागला. चिलटे गेली. तिला हायसे वाटले.

मग एका भर दुपारी, व्यापारी ओसरीवर बसून आईच्या दुखण्याविषयी बोलत असताना, मागच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. दोघे धावले. डेरा मधोमध उलला होता, आणि काळा गोड रस खोलीभर पसरून उंबऱ्याशी पोहोचला होता.

व्यापारी वाकून खापऱ्यांकडे पाहू लागला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "मडकंच कच्चं! त्या बाईने कच्चं मडकं गळ्यात मारलं. होय ना?"

मुलीने अंगठ्याकडे पाहिले. अंगठा रसात बुडालेला होता. तिने होय अशी मान हलवली.

एवढेच तिने केले. तोंडातून एक शब्द काढला नाही. पुढे अनेक दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, की मी काही बोलले नव्हते.

बाळंतिणीपाशी काही दिवस राहून त्या संध्याकाळी माई परतल्या तेव्हा व्यापाऱ्याने वाटेतच त्यांना सारे सांगितले होते. माई मागच्या खोलीत आल्या. डेऱ्याच्या गळ्याची एक खापरी त्यांनी उचलली. तिला मातीचा वाळलेला लेप चिकटलेला होता, आणि आतल्या बाजूला रसाचा जांभळा डाग थेट काठापर्यंत चढला होता. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"मडकं कच्चं होतं म्हणतात. तसं झालं का?"

मुलीने पुन्हा मान हलवली. माईंनी खापरी खिडकीत ठेवली आणि पाय धुवायला गेल्या. त्या दिवसापासून ती खापरी तिथेच राहिली. मुलगी झाडताना तिच्याकडे पाठ करून झाडत असे.

व्यापाऱ्याचा आवाज मोठा होता, हे आधी सांगितलेच आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत गोष्ट गावभर झाली. ऊन तापू लागले होते, घरोघरी पाण्याचे नवे माठ घेण्याचे दिवस. कुंभारणीने चिंचेखाली माल मांडला, पण बायका येत, माठ वाजवत, एकमेकींकडे बघत आणि पुढे जात. एकीने आधी नेलेला माठ परत आणून ठेवला. तिची चाक जाळण्याची फुशारकी गावाला पाठ होती, तेव्हा चिंचेखाली पत्ते कुटणारे विचारू लागले, "काय ग, चाक कधी जाळतेस? होळी तर होऊन गेली." मुलगी माईंसाठी आले-लिंबू घ्यायला बाजारात गेली होती. तिने हे ऐकले, आणि लिंबे न घेताच ती नदीच्या वाटेने घरी आली.

नंतर कुंभारीण माईंकडे आली. भांडायला आली असावी असे मुलीला वाटले, आणि खरे सांगायचे तर तिला ते बरे वाटले असते. पण कुंभारणीच्या डोक्यावर चुंबळ होती आणि चुंबळीवर नवा डेरा. तिने तो उतरवून ओसरीच्या कडेला ठेवला.

"माझ्या हातून झालं असेल तर भरून द्यायला नको का?" ती म्हणाली. "भट्टीला लाकूड ओलं मिळालं होतं ह्या खेपेला. तेव्हा काही कमी-जास्त..." ती थांबली. स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग तिने मुलीकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. "तू वाजवून घेतला होतास ना ग? तुला कसा वाटला होता आवाज?"

मुलीच्या कानात तो आवाज अजून होता.

"आठवत नाही," ती म्हणाली.

कुंभारीण हळूच म्हणाली, "बरोबर आहे, कसं आठवेल," आणि रिकामी चुंबळ हातात घेऊन निघून गेली.

त्या दिवशी मुलीला जेवण गेले नाही. माईंनी विचारले नाही. त्यांनी फक्त व्यापाऱ्याकडे निरोप धाडला की मांडवावर पाखरांसाठी सोडलेले घोस असतील तेवढे पाठव, आणि दुकानातल्या मनुका पाठव. तुझ्या आईसाठी पुन्हा आसव घालते.

आता जे घडले ते मुलीला मुळीच समजले नाही.

माईंनी आसव स्वतःच्या हाताने घातले, आणि तेही मागच्या खोलीत न घालता ओसरीवर, सगळ्यांच्या समोर. व्यापारी होता, औषधाला आलेल्या बायका होत्या, निरोप देऊन कुंभारणीलाही बोलावले होते. ती एका खांबाशी उभी होती. माईंनी रस ओतला. काठाखाली चार बोटे राहिली, तरी माई थांबल्या नाहीत. मुलगी शेजारी पातेले धरून बसली होती. ती माईंच्या तोंडाकडे पाहू लागली. तीन बोटे राहिली. दोन राहिली. रस काठाशी येऊन चमकला. माईंनी शेवटचा थेंब निथळून घेतला, जसा मुलीने घेतला होता, आणि म्हणाल्या, "माती दे."

मुलीने माती दिली. माईंनी लेप दिला, कापड घातले, पुन्हा लेप दिला आणि सुतळी आवळली. मग कुंभारणीला म्हणाल्या, "बाई, हाही तुझाच डेरा. टिकला तर गाव पाहील. फुटला तर तेही गाव पाहील."

"पाहू दे," कुंभारीण म्हणाली. पण तिचा आवाज आता घंटेसारखा राहिला नव्हता.

डेरा ओसरीच्या कोपऱ्यात, मुलगी औषधे कुटायला बसे तिथे, अगदी तिच्या गुडघ्याशी ठेवला गेला. माईंनी त्यानंतर त्याच्याविषयी चकार शब्द काढला नाही. माईंना विसर पडला असेल का? वयाने माणूस विसरते. की त्यांना कधी ठाऊकच नव्हते? पण चार बोटे तर त्यांनीच दाखवली होती. मुलगी कुटता कुटता थांबे आणि कुणी बघत नाहीसे पाहून डेऱ्याला कान लावी. आत सूं सूं असा बारीक आवाज चालू असे, दूरच्या मोहोळासारखा. पुढे तो आवाज दाटला. लेपाच्या कडेला ओली रेघ दिसू लागली. मुलीचे दात दुखू लागले, कारण ती ते सतत आवळून धरीत होती.

एका दुपारी ओसरी माणसांनी भरलेली होती. व्यापारी आईच्या औषधाला आला होता. कुंभारीण कोपऱ्यापासून शक्य तितकी लांब, पायरीवर बसली होती. ती रोज डेरा बघायला येई आणि न बघता बसे. मुलीने पाहिले की ओली रेघ आता डेऱ्याच्या गळ्यावर उतरली आहे.

तिच्या शेजारीच कडुनिंबाची एक टोकदार काडी पडली होती. तिच्या मनात आले, काडीने लेपाला हळूच भोक पाडावे. फेस निघून जाईल, डेरा वाचेल, कुणाला काही कळणार नाही. कुंभारणीचे नावही राहील. तिने काडी उचलली. हात लेपापर्यंत गेलासुद्धा. पण तेवढ्यात तिला पुढचे सगळे दिसले. डेरा टिकेल, आणि व्यापारी हसून म्हणेल, बघा, बोल लागले म्हणून या खेपेला नीट भाजलंन. पहिला डेरा कच्चा तो कच्चाच राहील. आणि ती बाई जन्मभर प्रत्येक मडके दोनदा वाजवून, आपल्याच कानावर विश्वास न ठेवता, बाजूला ठेवील.

मुलीने काडी खाली टाकली. ती उभी राहिली. उभी राहिल्यावर सगळी ओसरी तिच्याकडे पाहू लागली, आणि तिला वाटले की आपले कान पेटले आहेत.

"माई," ती म्हणाली. माईंनी मान वर केली. तिने पुन्हा म्हटले, "माई, हा डेरा फुटेल. वर जागा नाही ठेवलेली."

"तुला कसं ठाऊक?" माईंनी विचारले.

या वेळी तिने अंगठ्याकडे पाहिले नाही. तिने पायरीकडे पाहिले, जिथे कुंभारीण बसली होती.

"पहिल्यालाही नव्हती. मीच काठोकाठ भरला होता. वरून मातीही मीच लावली, लगेच. डेरा चांगला होता. मी मान हलवली, ती खोटी होती."

एका बाईच्या मांडीवरचे मूल रडू लागले. माई उठल्या, सुतळी सोडली आणि लेपाला धक्का दिला. फेस हिसका देऊन उसळला, डेऱ्याच्या पोटावरून, ओसरीच्या फरशीवरून, पायऱ्यांवरून खाली गेला. व्यापाऱ्याने धोतर सावरून पाय वर घेतले. माईंनी त्या सांडण्याला अडवले नाही. रस काठाखाली उतरेपर्यंत त्या पाहत उभ्या राहिल्या. मग वरून थोडा त्यांनी पळीने काढला, गळ्यात हात घालून चार बोटे मोजली, आणि तोंडाला नुसते फडके बांधले.

नंतर त्या मुलीला म्हणाल्या, "बस. तू विचारलं होतंस, सुरुवातीला काय काय लागतं. फळ आणलंस, गूळ आणलास, फुलं आणलीस. ते सगळं डोळ्यांना दिसतं. रिकामी जागा दिसत नाही, म्हणून ती कुणाला सामग्री वाटत नाही. पण आत काही जिवंत असेल तर ते उसळणारच. तुझी चूक लहान होती, पोरी. रस वाया जाऊ नये म्हणून केलेली. त्याच दिवशी बोलली असतीस, तर रस गेला असता, आणखी काही गेलं नसतं. तू तिच्यावर माती लिंपलीस. वर यायला वाट नाही म्हटल्यावर ती आडवी फुटली, आणि फुटलं दुसरीचं मडकं."

मुलीचे डोळे वाहत होते. ते पुसून तिने विचारले, "आणि मी आजही बोलले नसते तर? हा फुटला असता. त्यांचं नाव..."

"डेरा मी फुटू दिला नसता," माई म्हणाल्या. "माझा कान रोज त्याच्यावर होता, तू उठलीस की मी लावत होते. त्याचं तोंड बाहेरून बांधलेलं, ते कुणालाही सोडता येतं. तुझं आतून बांधलेलं होतं."

त्यांनी एक वात पेटवून आणायला सांगितली. मुलीने आणली. माईंनी फडके बाजूला सारून ती वात डेऱ्याच्या तोंडात, त्या चार बोटांच्या रिकाम्या जागेत धरली. ज्योत लगेच विझली. रस आत आंबत असतो तोवर त्या जागेत ज्योत टिकत नाही. सारे शांत झाले की ती सरळ जळते. आसव झाले की नाही हे असेच ओळखतात. "अजून वेळ आहे," माई म्हणाल्या, आणि त्या डेऱ्याविषयी म्हणाल्या की मुलीविषयी, हे कुणी विचारले नाही.

व्यापारी घसा साफ करीत उठला. तो पायऱ्या उतरला, वेशीकडे गेला, आणि थोड्या वेळाने लोकांनी पाहिले की तो कुंभारणीच्या दारातला सगळ्यात मोठा माठ स्वतःच्या खांद्यावर घेऊन भर बाजारातून घरी चालला आहे. पत्ते कुटणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले.

कुंभारीण मात्र तशीच बसून होती. मुलगी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. पाया पडावे तर ती पाय मागे घेईल, आणि क्षमा मागावी तर शब्द फार हलका वाटत होता. कुंभारीण उठली. मुलीला ओलांडून ती कोपऱ्यातल्या डेऱ्याशी गेली, वाकली, आणि गळ्याजवळ, जिथे आता जागा झाली होती, तिथे बोटाच्या पेराने वाजवले. भरलेला डेरा बद्द बोलतो. पण वरच्या त्या चार बोटांत आवाज निघाला, लहानसा, स्वच्छ.

तिने मान वर न करता विचारले, "आता आठवतो का?"

"आठवतो," मुलगी म्हणाली. "असाच होता. ह्याहून मोठा होता."

कुंभारणीने पदराने डेऱ्यावरचा फेस पुसला, आणि चुंबळ उचलून ती बाजाराकडे निघाली. मुलीला तिने ये म्हटले नाही, येऊ नकोसही म्हटले नाही. मुलगी मागोमाग गेली. तो उन्हाळाभर दर बाजाराला ती चिंचेखाली बसे, आणि जी बाई माठ वाजवून पुढे जाऊ लागे, तिला थांबवून आपण काय केले ते सांगे. दर वेळी तिचे कान तसेच पेटत. ते कधी सोपे झाले नाही. पण सांगून झाल्यावर ती रात्री जेवत असे.

आसव झाले तेव्हा वात मुलीनेच धरली. ज्योत सरळ उभी राहिली.

आत्याच्या बरण्यांतही वरची चार बोटे मोकळी असतात, हे मी मोजून पाहिले आहे. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त लाज वाटते ती डेरा फुटतो तिथे नाही, ती बाई "कसं आठवेल" असे म्हणून समजून घेते तिथे. आणि म्हणून मला वाटते की आपल्यापाशी कुणी मान खाली घालून बसले असेल, तर त्याला लगेच काही विचारण्याऐवजी आपण आधी... आत्या हाक मारते आहे, काडेपेटी घेऊन ये म्हणते, बरणीत काडी धरून बघायची आहे, आले ग, एवढेच वाक्य पुरे करते, तर आपण आधी त्याच्यासाठी थोडी जागा...